लुटुपुटूची लढाई आणि खरे शिरस्त्राण

गेल्या वैशाखात चार दिवस विश्रांती घ्यावी म्हणून आम्ही भाटघरास आमच्या मामेभावाच्या घरी जाऊन राहिलो होतो. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघून कापूरहोळच्या फाट्यावर भोरकडे वळले म्हणजे शहराची घाई हळूहळू मागे पडते, आणि १९२७ साली बांधून पुऱ्या झालेल्या धरणाची दगडी भिंत दृष्टीस पडली की मन आपोआप स्वस्थ होते. या धरणास प्रथम मुंबईचे गव्हर्नर लॉइडसाहेब यांचे नाव होते. त्याच्या जलाशयास आज शिवछत्रपतींचा मावळा येसाजी कंक याचे नाव आहे. उन्हाळ्यात वेळवंडीचे पाणी ओसरले म्हणजे कांबरे गावचे एरवी बुडालेले शिवालय उघडे पडते, आणि लोक चिखल तुडवीत त्याच्या दर्शनास जातात. अशा ठिकाणी मनुष्याच्या मनात इतिहासाचे विचार यावे यात नवल नाही. परंतु ज्या वस्तूने आमच्या मनास चालना दिली ती या मातीतली नव्हती. ती होती युरोपातील मध्ययुगीन सरदाराच्या शिरस्त्राणाची एक नवी कोरी प्रतिकृती.

मामेभावाचा मुलगा जर्मनीत एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिकडे अलीकडे अशी एक हौस फैलावली आहे की, सुटीच्या दिवशी तरुण मंडळींनी चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या धर्तीची चिलखते अंगावर चढवावी, आणि लाकडी कठड्याच्या रिंगणात उतरून बोथट तलवारींनी व कुऱ्हाडींनी एकमेकांवर खरोखरीचे घाव घालावे. या खेळाचा राष्ट्राराष्ट्रांतील पहिला मोठा सामना २०१० साली युक्रेनमधील खोतिनच्या जुन्या किल्ल्यात झाला, आणि तेव्हापासून हे वेड देशोदेशी पसरत चालले आहे. वेड म्हटले तरी त्याचे नियम कडक आहेत. शस्त्राची धार बोथट केलेली असली पाहिजे; भोसकण्याची सक्त मनाई; जो जमिनीवर पडला तो बाद, त्याच्यावर पुन्हा हात उगारावयाचा नाही; आणि अंगावरचा साज कोणत्या ना कोणत्या अस्सल जुन्या नमुन्यास धरून असला पाहिजे. आमचा हा पुतण्या त्या मंडळींत सामील झाला आहे, आणि आजीस दाखवावे म्हणून सामानातील कपडे कमी करून त्याने आपले शिरस्त्राण बरोबर आणले होते.

आम्ही ते हातात घेऊन पाहिले. वजन चांगले पायलीभर धान्याइतके भरेल. पोलादी पत्रा जाड. समोर चोचीसारखा पुढे आलेला मुखपट. त्यात डोळ्यांपुढे अरुंद चीर आणि तोंडापाशी श्वासाकरिता भोके. आत कापूस भरून शिवलेले जाड अस्तर आणि हनुवटीखाली बांधावयाचा चामड्याचा पट्टा. डाव्या कानशिलावर अंगठ्याएवढा एक पोचा होता. तो कशाचा म्हणून आम्ही विचारले.

"कुऱ्हाडीचा, काका," पुतण्या म्हणाला. "ज्याने मारली तो माझा चांगला मित्र आहे. संध्याकाळी आम्ही बरोबरच जेवलो."

मामी माजघराच्या उंबऱ्याशी बसून हे ऐकत होत्या. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांनी ते धूड मांडीवर घेतले, मुखपट खालीवर करून पाहिला, आणि म्हणाल्या, "हे तर दशावतारातलं वराहाचं सोंग दिसतंय रे!" या घाटाच्या शिरस्त्राणास इंग्रज लेखक डुकराच्या तोंडाची उपमा देतात आणि जर्मन लोक कुत्र्याच्या, ही गोष्ट मामींस ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण डोळ्यांस जे दिसते ते सर्व देशांत सारखेच दिसते. मग थोडा वेळ त्या गप्प राहिल्या, आणि ज्या प्रश्नासाठी हा सारा लेख लिहावा लागत आहे तो प्रश्न त्यांनी विचारला. "लढाई खोटी ना तुमची? मग हे एवढं खरं कशाला?"

या प्रश्नास त्या संध्याकाळी दोन उत्तरे मिळाली, आणि दोन्ही आम्हांस अपुरी वाटली. पहिले आमच्या मामेभावाचे. तो म्हणाला, "लढाईच खोटी, तेव्हा टोपही खोटाच. नाटकातला राजा आणि नाटकातला मुकुट. उगाच पैशांचा चुराडा." दुसरे उत्तर अंगणात जमलेल्या गावच्या पोरांचे. सहा जूनच्या राज्याभिषेकदिनासाठी ती रोज संध्याकाळी मर्दानी खेळांचा सराव करतात. लाठी, दांडपट्टा, सारे काही उघड्या डोक्याने. त्यांच्यातला एक धीट मुलगा हसून म्हणाला, "दादा, मावळ्यांनी कुठं घातली होती असली टोपडी? ज्याला भ्या वाटतं त्यानं घालावी."

एकाचे म्हणणे असे की, नक्कल ही मुळातच असत्य, म्हणून ती बरी की वाईट हे पाहण्यात अर्थ नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, संरक्षण घेतले तेथे शौर्य संपले. वरवर ही दोन मते परस्परविरुद्ध दिसतात. परंतु दोहोंच्या बुडाशी एकच समजूत आहे. ती ही की, खऱ्या संकटाबाहेर खरे असे काही असूच शकत नाही. ही समजूत कितपत टिकते ते पाहू.

प्रथम नकलेविषयी. जे दुसऱ्यासारखे आहे ते सर्व खोटे, असे म्हणू लागलो तर मनुष्याच्या शिक्षणापैकी फारच थोडे शिल्लक राहील. मूल चूलबोळकी मांडून संसार शिकते आणि पाटीवर गिरवून अक्षर शिकते. आमच्याकडे जुन्या तालमींतून फरीगदका खेळत असत. फरी म्हणजे हातातली लहान ढाल, आणि गदका म्हणजे चामडे मढविलेली काठी. ती काठी तलवारीच्या जागी आहे हे खेळणाऱ्या दोघांसही ठाऊक, पाहणाऱ्यांसही ठाऊक. ती आपणास तलवार म्हणवीत नाही. तलवारीचे हात शिकविते आणि अंगावर वळ उठविते. तिचे सोंग उघडे आहे, म्हणून त्यात फसवणूक नाही. नक्कल म्हणजे असत्य नव्हे. नकलेने जर असा विश्वास मागितला की जो तिला पेलणार नाही, तर मात्र ती असत्य झाली. येथे भेद पाहावयाचा तो अस्सल व नक्कल यांमधला नसून, जितका भार घेते म्हणून सांगते तितका घेणारी वस्तू आणि न घेणारी वस्तू यांमधला आहे.

या दृष्टीने पाहता पुतण्याच्या शिरस्त्राणात एक मोठी गंमत आढळते. जुन्या कारागिराने आपले काम युद्धासाठी केले होते; तेथे वजन कमी ठेवणे हे जीव वाचविण्याइतकेच महत्त्वाचे, कारण शिपायास दिवसभर घोड्यावर बसावयाचे असे. आजच्या कारागिराचे गिऱ्हाईक काही मिनिटे लढते, पण त्या काही मिनिटांत डोक्यावर घावांमागून घाव घेते, आणि पुन्हा पुढल्या रविवारी घेते. म्हणून तो पत्रा बहुधा अधिक जाड घेतो आणि अस्तर अधिक भरीव शिवतो. म्हणजे बाहेरून तो जुन्यास धरून राहतो आणि आतून त्यापासून दूर जातो, आणि हे दूर जाणेच त्याच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. जो कारागीर केवळ रूप हुबेहूब उतरवील आणि घावाचा विचार करणार नाही, त्याचे काम प्रदर्शनातील काचेमागे शोभेल. मनुष्याच्या डोक्यावर ते ठेवणे हा अपराध होईल.

'हुबेहूब' हा शब्द लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळली, आणि तिचे कारण वाचकांपासून लपवून ठेवणे योग्य नव्हे. बावीस वर्षांपूर्वी, आम्ही ज्या कॉलेजात होतो तेथील स्नेहसंमेलनात एक ऐतिहासिक प्रवेश बसविण्याचे काम आमच्याकडे आले होते. पोशाख भाड्याने आणले होते. त्यात एक शिरस्त्राण होते. पातळ पत्र्याचे, रुपेरी रंग दिलेले, कपाळावर पितळी फुलांची नक्षी. आत अस्तर नव्हते. ज्या विद्यार्थ्याने ते घालावयाचे त्याने रंगीत तालमीच्या वेळी रंगमंचावरून आम्हांस विचारले, "सर, हे चालेल ना?" आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तेथून पाहिले, आणि म्हणालो, "चालेल म्हणजे काय! अगदी हुबेहूब."

त्याने काय विचारले आणि आम्ही कशाचे उत्तर दिले, हा फरक आमच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आला. तो विचारीत होता, हे टिकेल ना? आम्ही सांगत होतो, हे दिसेल. प्रयोगाच्या रात्री टाळ्यांच्या भरात त्याच्या मित्राचा हात जरा जोराने पडला. तलवार लाकडाचीच होती. पण पत्रा आत दुमडला आणि त्याची कड भुवईत शिरली. नऊ टाके पडले. डोळा वाचला, दृष्टी मात्र त्या बाजूने अधूच राहिली. जखमी मुलगा महिनाभराने हसतमुखाने वर्गात येऊन बसला. ज्याच्या हातून घाव पडला तो दुसरा मुलगा मात्र पुढे रंगमंचाकडे फिरकला नाही, आणि वर्ष संपण्यापूर्वी कॉलेज सोडून गेला. आम्ही दोघांच्याही वडिलांस पत्रे लिहिली. दोन्ही पत्रांत 'अपघात' हा शब्द होता.

त्या दुसऱ्या मुलाचा विचार करू लागलो म्हणजे मामींच्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू उलगडू लागते. शिरस्त्राण घालणाऱ्याचे रक्षण करते असे आपण समजतो, आणि रणांगणात ते खरेही आहे. तेथे समोरचा मनुष्य प्राण घेण्यासाठीच आलेला असतो. त्याच्या मनाची काळजी शिरस्त्राणाने वाहावी असे कोणी म्हणणार नाही. खेळात मात्र समोर मित्र उभा असतो. त्यास जोराने मारावयाचे आहे, पण मारून टाकावयाचे नाही. ज्याचे मस्तक उघडे आहे अशा मित्राशी खेळणाऱ्याचा हात एक तर आखडतो, नाही तर जन्मभराचा डाग घेऊन मागे येतो. तेव्हा खेळातील शिरस्त्राण ज्याच्या डोक्यावर असते त्याच्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, त्याच्यावर घाव घालणाऱ्याचे रक्षण करते. ते एक वचन आहे. 'तू आपले बळ राखून ठेवू नकोस. तुझ्या हातून पाप घडू नये याची तजवीज मी केली आहे,' असे एका गड्याने दुसऱ्यास दिलेले. लढाई खोटी, म्हणूनच शिरस्त्राण खरे पाहिजे. ते खोटे निघाले तर लढाई खरी होऊन बसते.

याचे इतिहासातले उदाहरण म्हणून फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्री राजाची गोष्ट पाहण्याजोगी आहे. ३० जून १५५९ या दिवशी पॅरिस येथे, तहाच्या आणि राजघराण्यातील विवाहांच्या आनंदाप्रीत्यर्थ घोड्यांवरून भाल्यांचा खेळ चालला होता. राजा स्वतः उतरला होता. त्याचे शिरस्त्राण राजाला शोभेल असेच असणार. पण मॉन्टगॉमरी नावाच्या सरदाराचा भाला मोडला आणि त्याच्या चिरफळ्या मुखपटातून राजाच्या डोळ्यात शिरल्या. दहा दिवसांनी, १० जुलैस, राजा मरण पावला. मॉन्टगॉमरीच्या मनात वैर नव्हते. तो डाव राजाच्याच आग्रहाने खेळला गेला होता. तरी राजाचा मारेकरी हे नाव त्यास जन्मभर चिकटले. तो पुढे धर्मयुद्धात राजपक्षाविरुद्ध लढला, पकडला गेला, आणि १५७४ साली पॅरिसमध्येच त्याचा शिरच्छेद झाला. मुखपटाच्या चिरेने दगा दिला तो एकट्या राजालाच नव्हे.

बरोबर शंभर वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी जी भेट झाली तिचे वर्णन मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. याच भोरच्या मुलखातले, रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे आपल्या मुलांसह त्या मोहिमेत महाराजांच्या पाठीशी उभे होते. त्या दिवशी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली पोलादी टोपी घातली होती. अंगरक्षकाच्या तलवारीने पागोटे दुभंगले आणि आतल्या टोपीस खोल खोक पडली, असे जदुनाथ सरकारांनी आपल्या १९१९ सालच्या शिवचरित्रात लिहिले आहे. त्या टोपीला नक्षी होती की नाही हे पाहावयास कोणी नव्हते, कारण ती कोणास दिसावी अशी मुळी इच्छाच नव्हती. आमच्या संमेलनातला तो रुपेरी टोप शिरस्त्राण दिसत होता आणि नव्हता. महाराजांची टोपी दिसत नव्हती आणि होती. या दोन टोकांच्या मध्ये जगातील बहुतेक वस्तू, आणि माणसेही, कोठे तरी बसतात.

गावच्या पोरांच्या आक्षेपासही येथेच उत्तर मिळते. मावळ्यांनी शिरस्त्राणे घातली नाहीत, हे पुष्कळ अंशी खरे आहे. पोलाद महाग, डोंगरची चढण अवघड, आणि वेग हेच त्यांचे बळ. शिवाय डोक्यास गुंडाळलेले कापडाचे वेढे तलवारीचा वार थोडाबहुत अडवीतच असत. परंतु उघडे मस्तक हे त्यांचे व्रत नव्हते, ती त्यांची परिस्थिती होती. त्यांच्या धन्याने प्रसंग पडताच पागोट्याखाली पोलाद घातले, आणि त्यामुळे त्याचे शौर्य रतिभरही उणे झाले असे कोणी म्हटलेले नाही. पूर्वजांच्या अंगी जे होते त्याचे अनुकरण करावे. त्यांच्याजवळ जे नव्हते त्याचे अनुकरण करून त्यांचा कोणता गौरव होणार? उपाशीपोटी लढलेल्यांचे स्मरण म्हणून आपण सरावापूर्वी उपाशी राहत नाही.

यावर कोणी येसाजी कंकाचे नाव घेईल, आणि ज्याचे नाव त्या जलाशयास आहे त्याचा उल्लेख टाळून भाटघराविषयी लिहिणे बरेही दिसणार नाही. धरणाच्या फुगवट्याच्या काठचे भुतोंडे हे त्याचे गाव. १६७७ साली महाराज कुतुबशहाच्या भेटीस भागानगरास गेले असता, तुमच्याजवळ हत्ती का नाहीत असे शहाने विचारले, आणि महाराजांनी आपला एकेक मावळा हत्तीच्या तोडीचा असल्याचे सांगून येसाजीस मत्त हत्तीपुढे उभे केले, अशी परंपरागत कथा आहे. ही लढाई एका अर्थी खेळच होती. पाहणारे सज्जात बसले होते. पण हत्तीस तो खेळ आहे हे ठाऊक नव्हते. येसाजीने जे पत्करले ते एका राज्याच्या लौकिकासाठी पत्करले, आणि समोर जो होता त्याच्या मनास डाग लागण्याचा प्रश्नच नव्हता. अंगणातल्या पोरांसमोर हत्ती नाही; शेजारच्या घरातला सोबती आहे. त्याच्या काठीने आपले कपाळ फुटले तर आपण शूर ठरू की नाही ते सांगता येत नाही. तो मात्र दुःखी होईल हे निश्चित.

तरीही त्या आक्षेपात सत्याचा जो अंश आहे तो मान्य केला पाहिजे, नाही तर आम्ही पुतण्याची वकिली करीत आहो असे होईल. शिरस्त्राण चढवून रिंगणात उतरणारा तरुण मार खाण्यास भीत नाही, थकल्यावरही उभा राहतो, पडलेल्यावर हात टाकीत नाही. हे गुण खरे आहेत. त्यांस खोटे म्हणणारा स्वतः कधी मार खाल्लेला नसावा. परंतु हे गुण म्हणजे चौदाव्या शतकातील सरदाराचे किंवा सतराव्या शतकातील मावळ्याचे शौर्य नव्हे. सामना संपला की पुतण्या हनुवटीचा पट्टा सोडतो आणि मित्राबरोबर जेवावयास जातो. जे लढाईस निघत त्यांच्या घरच्या बायकांस तो पट्टा पुन्हा सुटणार की नाही हे ठाऊक नसे. संकट उसने घेता येत नाही. पूर्वजांचा पोशाख घालता येतो, त्यांची हत्यारे पेलता येतात, त्यांचे डावपेचही शिकता येतात. पण त्यांची ती सकाळ आपणास मिळत नाही, आणि ती मिळाली असे मानणे हीच या हौसेतील खरी अप्रामाणिकपणाची जागा आहे.

ही अप्रामाणिकता किती दूरवर जाऊ शकते, याचा एक नमुना इंग्रजांच्या इतिहासात आहे. ऑगस्ट १८३९ मध्ये स्कॉटलंडात एग्लिंटनच्या अर्लने मध्ययुगीन पद्धतीची भाल्यांची स्पर्धा मोठ्या थाटाने भरविली. सरदारपुत्रांनी लंडनच्या व्यापाऱ्याकडून चिलखते आणली, हजारो लोक पाहावयास लोटले. आणि पहिल्याच दिवशी असा मुसळधार पाऊस कोसळला की एका लढवय्या उमरावाने छत्री उघडली, आणि साऱ्या देशास हसावयास निमित्त मिळाले. आम्हांसही पूर्वी ही हकीकत वाचून हसू येत असे. मग एकदा ध्यानात आले की, त्याच वर्षी, पुढल्याच महिन्यात, इंग्रज सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांस गादीवरून काढले, आणि पुढे त्यांस काशीस पाठविले. तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. त्या कामी कोणास शिरस्त्राण घालावे लागले नाही. कागद व सही यांनी काम भागले. शौर्याचे सोंग मैदानात ओलेचिंब होत होते, आणि राज्ये घेण्याचे व्यवहार कोरड्या खोलीत बसून चालले होते. पोशाखाने शूर दिसणाऱ्यांनी आपल्या काळातील शौर्याची खरी जागा कोणती हे शोधण्याचे टाळले, तर तो पोशाख डोक्याचे रक्षण करीत नाही, डोळे झाकतो.

आणि हे सारे तरवारबहाद्दरांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. आम्ही तीस वर्षे शिक्षकाचा धंदा केला. दर वर्षी शेकडो तरुणांच्या डोक्यांवर आम्ही काही ना काही ठेवून त्यांस बाहेर धाडले. आणि पदवीदानाच्या दिवशी, तिसऱ्या रांगेत बसून, 'शोभते आहे' असे म्हटले. पुढे जगाचा पहिला घाव बसला तेव्हा त्यातील किती पत्रे आत दुमडले, याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. पत्रा पातळ असणे हे काही पाप नव्हे. पातळ आहे असे सांगितले असते तर मुलाने डोके जपले असते. पण आपले मस्तक झाकलेले आहे असे आम्ही त्यास समजू दिले. बोडक्या डोक्याचा मनुष्य सावध तरी असतो. खोट्या शिरस्त्राणाचा मनुष्य बोडका असून बेसावध असतो, आणि त्याचा दोष त्याच्याकडे नसून ज्याने ते त्याच्या डोक्यावर ठेवले त्याच्याकडे आहे. आईबाप मुलास जी शिस्त देतात, गुरू जी विद्या देतात, समाज जी प्रतिष्ठा देतो, त्या सर्वांस हाच एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. हे दिसेल, की टिकेल?

असो. भाटघरच्या त्या संध्याकाळी आम्ही यातले काहीच बोललो नाही. मामींनी मात्र शिरस्त्राण अजून मांडीवरून खाली ठेवले नव्हते. त्यांची बोटे आतल्या अस्तरावरून फिरत होती. टाके कसे घातले आहेत, कापूस कोठे जास्त दाबला आहे, हे त्या चाचपून पाहत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लोखंड वर मिरवतंय नुसतं. घाव सोसते ती ही आतली गोधडी." पुतण्या म्हणाला, "खरं आहे आजी. हे अस्तर नसेल तर पत्रा कितीही जाड असला तरी डोकं भणाणून जातं." मामींनी अंगणातल्या त्या धीट मुलास जवळ बोलाविले. तो लाजत लाजत आला. त्यांनी शिवणाच्या डब्यातून दोरा काढून त्याच्या डोक्याभोवती धरला, गाठ मारून माप घेतले, आणि दुसऱ्यास हाक मारली.

आम्ही निघालो त्या दिवशी ओसरीवर दोन जुनी लुगडी उसवून पसरलेली होती, आणि सहा मुंडाशांच्या आत बसतील अशा सहा जाड टोप्या कापून ठेवलेल्या होत्या. बाहेरून त्या कोणास दिसणार नव्हत्या.

पुण्यास परत आल्यावर आम्ही जुन्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करून त्या दुसऱ्या मुलाचा पत्ता मिळविला. आता तो मुलगा राहिलेला नाही. त्याचीच मुले शाळेत जातात. त्यास आम्ही पत्र लिहिले आहे. पत्र लहानच आहे. तिसऱ्या रांगेतून आम्ही काय पाहिले आणि काय पाहावयाचे राहून गेले, एवढेच त्यात आहे. 'अपघात' हा शब्द त्यात नाही.